यादीतून डाळ कापण्याआधी

महिनाअखेरीस पैसे कमी पडू लागले की वाण्याच्या यादीत पहिली काट कशावर मारली जाते, हे कोणत्याही घरात विचारून पाहा. गव्हावर नाही, तांदळावर नाही, चहा-साखरेवर तर नाहीच नाही. काट बसते ती डाळीवर, फळांवर, दुधाच्या एखाद्या पिशवीवर. वरण थोडे पातळ होते, आठवड्यातून दोनदा होणारी उसळ एकदाच होते, केळी मुलांपुरतीच येतात. पोट सगळ्यांचे भरत असते, त्यामुळे काही कमी झाले आहे असे कोणाला वाटतही नाही. आणि सर्वात आधी ज्या ताटातले कमी होते, ते ताट बहुधा सर्वात शेवटी जेवायला बसणारीचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. पण दिवसेंदिवस पातळ होत जाणारे वरण काही त्या कारणांच्या बाहेरचे नाही.

गंमत म्हणजे त्याच स्वयंपाकघरातून त्याच आठवड्यात बरेच काही बाहेर गेलेले असते. फ्रीजच्या तळाशी सडलेली अर्धी जुडी कोथिंबीर, मोड आलेले चार बटाटे, जाळी धरलेला अर्धा किलो रवा, परवाची कोणीच न खाल्लेली भाजी. यातल्या कशालाही कोणी ‘खर्च’ म्हणत नाही, कारण पैसे आधीच देऊन झालेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतीय घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जाते, असा अंदाज दिला आहे. त्यात साली, देठ, हाडे असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, तेव्हा आकडा ऐकून लगेच कपाळाला हात लावायचे कारण नाही. तरीही चौघांच्या घराला हा हिशेब रोजचा सुमारे ६०० ग्रॅम पडतो. त्यातला निम्मा भाग साली-देठांचा मानला, तरी उरलेला निम्मा दिवसाच्या भाजीच्या बरोबरीचा होतो.

घरखर्चाच्या आकड्यांतही असेच काही दडलेले आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबांचा सुमारे ३९.७ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांचा ४७ टक्के खर्च खाण्यापिण्यावर होतो. आणि या खाण्यापिण्यात सर्वात मोठा वाटा धान्याचा नाही, भाजीचा नाही, दुधाचाही नाही. तो आहे पेये, तयार व प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा. शहरांत एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणजे काटकसरीची कात्री चालवायला जागा आहे, फक्त ती डाळीवर चालते आहे.

आधी आठवडाभराची वही

स्वयंपाकघर आवरायचे म्हटले की बहुतेकांची पावले दुकानाकडे वळतात. एकसारख्या झाकणांचे डबे, फिरत्या तबकड्या, खणात बसणारे जाळीचे ट्रे. हे सगळे दिसायला छान असते आणि त्यावर हजार-दोन हजार सहज जातात. माझे मत असे की, पहिला आठवडाभर काहीही विकत आणू नये. ओट्याजवळ एक वही टांगावी आणि टाकून दिलेली प्रत्येक वस्तू तीत लिहावी: काय टाकले, अंदाजे किती, आणि का.

‘का’ हा रकाना महत्त्वाचा. आठवड्याने पाहिले तर बहुतेक नोंदी चार कारणांत बसतात. वस्तू घरात आहे हेच विसरले. किडली किंवा खराब झाली. जास्त शिजवली गेली. किंवा कोणाला आवडली नाही. ही चारही कारणे वेगळी आणि त्यांचे उपायही वेगळे. विसरण्यावर उपाय मांडणीत आहे, किडण्यावर साठवणीत, जास्त शिजण्यावर वाटीच्या मापात. चौथ्यावर उपाय घरातल्या मंडळींशी बोलण्यात आहे आणि तो सर्वात अवघड. ज्या घरात विसरल्यामुळे वाया जाते, तिथे महागडे हवाबंद डबे आणून उपयोग नाही. तिथे फक्त एवढे करावे लागते की स्टीलच्या बंद डब्यांवर नाव आणि भरल्याची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवावी, आणि फ्रीजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा ‘आधी संपवा’ म्हणून राखून ठेवावा. उरलेली अर्धी वाटी आमटी, अर्धा कापलेला कांदा, उघडलेले दह्याचे पाकीट, सगळे तिथे.

ओल, ऊब आणि कीड

धान्य आणि डाळी यांचे खरे शत्रू दोन: ओल आणि ऊब. दाण्यातले पाण्याचे प्रमाण साधारण १२ टक्क्यांच्या आत असले की त्यावर सहसा बुरशी वाढत नाही आणि किडीची वाढही मंदावते. पण दाणा हवेतली ओल शोषून घेतो. मे महिन्यात कडकडीत वाळवून भरलेली डाळ पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यात राहिली, तर जुलैपर्यंत ती पुन्हा ओलसर होते. म्हणूनच वर्षाच्या गव्हाची बेगमी सोलापूर किंवा अकोल्याच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे जमत आली. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत, त्यातून लहान घरात, ती जमेलच असे नाही. आजीने केले म्हणून आपणही करावे, हे इथे लागू पडत नाही. आजीचे गाव कुठले होते, हेही पाहावे लागते.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. डाळीचे, मसाल्याचे डबे बहुतेक घरांत शेगडीच्या वरच्या मांडणीवर असतात, कारण फोडणी देताना हाताशी येतात. घरातली सर्वात वाईट जागा तीच. कुकरची वाफ तिथेच जाते आणि गॅसची ऊबही तिथेच. तेल तिथे लवकर खवट होते, मसाल्याचा वास उडतो, तिखटाचा रंग उतरतो. हाताशी ठेवायचा तो मिसळणाचा डबा आणि आठवड्यापुरते तेल. बाकी सगळे शेगडीपासून दूर, अंधाऱ्या, कोरड्या कपाटात. काचेच्या बरण्या हव्याच असतील तर त्याही कपाटात, कारण प्रकाशानेही तेल आणि हळद-तिखट खराब होतात.

कडधान्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. चवळी, मूग, मटकी, हरभरा यांना लागणारा भुंगा बरेचदा शेतातूनच बरोबर येतो. दाण्यावर खसखशीएवढा पांढरट ठिपका दिसला तर ते त्याचे अंडे असते. अळी दाण्याच्या आत शिरते, आतच वाढते आणि गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. उबदार हवेत हे सगळे साधारण महिनाभरात पुरे होते. म्हणून दुकानातून आणताना स्वच्छ दिसलेली चवळी महिन्याने भोकाभोकांची निघते आणि आपण दुकानदाराला किंवा डब्याला दोष देतो. हा भुंगा अंडी घालतो ती मुख्यतः अख्ख्या, गुळगुळीत दाण्यावर; डाळ पाडल्यावर त्याचा त्रास बराच कमी होतो. यातून खरेदीचा सरळ नियम निघतो: डाळ दोन-तीन महिन्यांची आणली तरी चालेल, अख्खी कडधान्ये मात्र महिन्याचीच आणावीत. पावसाळ्यात तर पंधरा दिवसांची.

तूरडाळीला किंवा गव्हाला एरंडेलाचा हात लावून ठेवण्याची जुनी पद्धत शास्त्राच्या कसोटीला उतरणारी आहे. तेलाच्या पातळ थरामुळे अंडी नीट चिकटत नाहीत आणि चिकटलेल्यांना हवा मिळत नाही. ऊन दाखवणेही योग्यच. फक्त उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच डब्यात भरू नये. आत वाफ धरते आणि केलेले सगळे उलटे होते. ते सावलीत निववावे आणि मग भरावे. बोरिक पावडर लावण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. ती पोटात गेली तर विषारी आहे, आणि खाण्याच्या वस्तूत तिला जागा नाही. रवा, मैदा, बेसन यांसाठी आजच्या घरातला सर्वात सोपा उपाय म्हणजे फ्रीझर. पाकीट आणले की चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे, डोळ्यांना न दिसणारी अंडीही मरतात. नंतर पाकीट न उघडता बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मग डब्यात भरावे. रवा भाजून ठेवणाऱ्या बायका हेच काम उष्णतेने करत असतात.

पिठांचे गणित आणखी वेगळे. बाजरीच्या दाण्यात चरबीचे प्रमाण बरेच, साधारण ५ टक्के. दळताना ही चरबी आणि ती फोडणारे विकर एकत्र येतात, त्यामुळे बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडवट होते. ज्वारीचे पीठ कडू होत नसले तरी जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. दोन्ही आठवड्यापुरतीच दळून आणावीत. गिरणीवर एकदम पाच किलो बाजरी दळून आणण्यात वाचतो तो एक हेलपाटा. जाते ते पीठ.

आणि एक सवय, जी जवळजवळ प्रत्येक घरात आहे: डब्यात मूठभर जुनी डाळ शिल्लक असताना तिच्यावरच नवी ओतणे. जुन्यातली कीड नव्याला लागते ती अशीच. डबा रिकामा करावा, पुसून पूर्ण कोरडा करावा, नवी डाळ खाली आणि जुनी वर. दोन मिनिटांचे काम आहे.

घाऊक स्वस्ताईचा हिशेब

मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते, हा समज तपासून घेतलेला बरा. समजा, १० किलो डाळ एकदम घेतल्याने किलोमागे ८ टक्के वाचतात. त्यातली ८०० ग्रॅम किडली किंवा जुनी झाली म्हणून टाकली, की बचत शून्य. त्याहून जास्त गेली तर तोटा. शिवाय ते पैसे तीन महिने डब्यात अडकून पडले, ते वेगळेच. जे लवकर खराब होत नाही आणि घरात नक्की संपते, तेच घाऊक घ्यावे. पाकिटावर आता किमतीजवळच दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो. तो बारीक अक्षरांतला आकडा पाहण्याची सवय लावून घेतली, तर ‘सोबत मोफत’ लिहिलेली कितीतरी पाकिटे परत फळीवर जातात.

तारखांबद्दलही एक गोंधळ असतो. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि प्रत उत्तम राहील, असे उत्पादकाचे म्हणणे. ती उलटली म्हणजे पदार्थ त्या रात्री विषारी होत नाही. नीट ठेवलेला कोरडा पदार्थ वास घेऊन, पाहून वापरता येतो. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिलेली तारीख मात्र पाळायचीच.

कांद्याचे उदाहरण तर महाराष्ट्राला नवे नाही. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी, रब्बी कांदा चार ते सहा महिने टिकतो. शेतकरी कांदाचाळीत साठवतो तो हाच. पावसाळ्यानंतर येणारा खरिपाचा लाल कांदा पाणीदार असतो, तो टिकत नाही. म्हणून दहा-पंधरा किलो कांदा घ्यायचाच असेल तर तो मे महिन्यात, पातीकडची मान सुकलेला आणि वरची पापुद्रेदार साल कोरडी असलेला निवडून. नोव्हेंबरात स्वस्त दिसला म्हणून लाल कांद्याची गोणी घरी आणली, तर निम्मा काळा पडणार. कांदाचाळ जमिनीपासून उंच आणि चारी बाजूंनी जाळीची असते, कारण कांद्याला खालूनही वारा लागतो. घरीही तेच. तारेची टोपली, पसरट थर. बंद ट्रॉलीत बटाट्याबरोबर तर नकोच. बटाट्याचा ओलावा कांद्याला लागतो आणि दोघेही लवकर खराब होतात.

बटाटा अंधारात ठेवावा. प्रकाशाने तो हिरवा पडतो आणि त्या हिरव्या भागाबरोबरच सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते. तो फ्रीजमध्येही ठेवू नये: थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते. मग असा बटाटा तळला की पटकन काळपट होतो, आणि ॲक्रिलामाइड हे घातक मानले जाणारे द्रव्यही जास्त तयार होते.

फ्रीजबद्दल थोडक्यात. दारातले कप्पे सर्वात कमी थंड, कारण दार सारखे उघडते. दुधाची जागा तिथे नाही, आतल्या बाजूला आहे. दारात लोणची, चटण्या, सॉस. केळी, पिकलेली पपई, टोमॅटो, सफरचंद ही फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते, म्हणून ही दोन घराणी वेगवेगळी ठेवावीत. पालेभाजी निवडून, कोरडी करून सुती कापडात गुंडाळली की चार दिवस सहज राहते. ओल्या जुडीला प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले, की ती दोन दिवसांत चिकट होते.

जे आधी सडेल ते आधी शिजेल

आठवड्याचे जेवण ठरवायचे म्हणजे सोमवारी काय, मंगळवारी काय असा हॉटेलसारखा तक्ता करणे नव्हे. तसे तक्ते बुधवारपर्यंत टिकत नाहीत. बाजाराच्या दिवसापासून भाज्या कोणत्या क्रमाने खराब होतात, तोच स्वयंपाकाचा क्रम धरावा. पहिल्या दोन दिवसांत मेथी, पालक, शेपू, चवळई. मग भेंडी, गवार, वांगी, काकडी. यांना फार थंडीही सोसत नाही, म्हणून फ्रीजच्या भरवशावर राहू नये. त्यानंतर फ्लॉवर, कोबी, दुधी. शेवटच्या दोन दिवसांसाठी लाल भोपळा, सुरण, बटाटा, कडधान्य किंवा पिठले-भाकरी. न कापलेला भोपळा तर महिना-दोन महिने कोपऱ्यात बसून राहतो, त्याच्यासारखा आधार नाही.

या शेवटच्या दोन दिवसांतच घराचे बजेट कोलमडते. भाज्या संपलेल्या असतात, संध्याकाळी सात वाजता सगळे थकून आलेले असतात आणि मग बाहेरून मागवले जाते. घरात मटकी नसते असे नाही. पण मटकीची उसळ हवी असेल तर तिला आठ-दहा तास भिजावे लागते आणि मोड यायला पुढचे बारा ते चोवीस तास लागतात. म्हणजे शनिवारच्या उसळीचा निर्णय शुक्रवारी सकाळी, नाहीतर गुरुवारी रात्रीच घ्यावा लागतो. स्वस्त आणि पौष्टिक पदार्थांची मेख इथे आहे: ते पैसे कमी मागतात, पण आधी विचार मागतात. बाहेरचे जेवण ऐन वेळी मिळते, त्याचीच किंमत आपण मोजतो. म्हणून आठवड्याच्या आखणीत बाकी काही लिहिले नाही तरी चालेल. ‘काय कधी भिजवायचे’ एवढे मात्र लिहिलेले हवे. आणि ते फ्रीजच्या दारावर लिहावे, एकाच व्यक्तीच्या डोक्यात नको. मटकी भिजत घालायला स्वयंपाक यावा लागत नाही. शाळकरी मुलालाही ते जमते, मुलाच्या वडिलांनाही.

मोड आल्यावर कडधान्यात ‘क’ जीवनसत्त्व तयार होते आणि लोहाला अडवून धरणारे फायटेट कमी होते. वरून लिंबू पिळले तर लोह आणखी चांगले शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा नेमके याच्या उलट करतो. तास-दीड तास थांबावे. सुरुवातीला रक्तक्षयाचा आकडा दिला, त्याच्या संदर्भात या फुकटच्या गोष्टी आहेत. भिजवलेल्या डाळीला आणि कडधान्याला गॅसही कमी लागतो, ती बचत वेगळी.

यादीची तपासणी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात दिवसाला २,००० उष्मांक घेणाऱ्या माणसासाठी ताट मांडून दाखवले आहे: धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा अंडी, मांस-मासे) मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. या आकड्यांना ३० ने गुणले की वाण्याच्या यादीची तपासणी होते. चार प्रौढांच्या शाकाहारी घरात महिन्याला धान्य सुमारे ३० किलो, डाळी-कडधान्ये १० किलो आणि तेल-तूप मिळून साधारण सव्वातीन किलो, म्हणजे सगळे तेलच धरले तर साडेतीन लिटर. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम धरली तर चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यात लोणचे-पापडातलेही आले.

आता स्वतःची यादी समोर घ्या. तेल पाच-सहा लिटर आणि डाळी सगळ्या मिळून चार-पाच किलो असे असेल, तर काट कुठे मारायची हे वेगळे सांगायला नको. तेलातले दोन लिटर, बिस्किटांचे आणि फरसाणाचे दोन-चार पुडे, एक-दोन थंड पेयांच्या बाटल्या यांचे पैसे एका बाजूला काढा आणि त्यात किती डाळ येते ते पाहा. तेलबियांसाठी बदाम-अक्रोडच हवेत असे नाही. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे त्यातच मोडतात आणि चटणीच्या रूपाने आपल्या ताटात आहेतच.

वरण तुरीचेच हवे, हा हट्टही तुरीचे भाव चढले की महाग पडतो. तूर, मूग, मसूर, मटकी, हुलगे, हरभरा या सगळ्यांत १०० ग्रॅममागे साधारण १९ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. फरक चवीचा आणि सवयीचा. सोयाबीनमध्ये तर ३५ ग्रॅमहून अधिक. गहू-ज्वारीत जे लायसिन कमी असते ते डाळीत भरपूर, म्हणून भाकरीबरोबर पिठले ही जोडी पोषणाच्या हिशेबानेही उत्तम आहे. सहा ग्रॅम प्रथिनांचे अंडे खाणाऱ्यांच्या घरी तोही एक स्वस्त मार्ग आहे.

इथे वाचवायला जाऊ नये

अन्न टाकवत नाही, हा आपल्याकडचा चांगला संस्कार. पण तीन ठिकाणी तो अंगाशी येऊ शकतो.

पहिला, रात्रीचा भात. तांदळावर ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू असतात आणि भात शिजला तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात ओट्यावर उबदार हवेत रात्रभर राहिला की त्यांची वाढ होऊन विष तयार होते, आणि हे विष सकाळी फोडणी दिल्यानेही नष्ट होत नाही. फोडणीचा भात सोडायची गरज नाही. उरलेला भात पसरट ताटात काढून लवकर निववावा, दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण नियमही हाच आहे: शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये. पातेलेभर गरम भात तसाच फ्रीजमध्ये ढकलला तर मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो, म्हणून ताट. उरलेल्या पोळीची काळजी त्यामानाने कमी, कारण तिच्यात पाणी कमी. पण उरलेल्या वरणाची वरणफळे करायची असतील तर ते वरणही रात्री फ्रीजमध्येच हवे.

दुसरे, तळणीचे तेल. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त असलेले तेल वापरू नये, असा हॉटेलवाल्यांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. घरात मोजायला यंत्र नसते, तेव्हा साधे धोरण बरे: कढईत तेल बेताचेच घ्यावे, उरलेले गाळून दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला नाही.

तिसरे आणि सर्वात दुर्लक्षित, शेंगदाणे. ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. त्याने यकृताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरशी लागलेला मका खाल्ल्याने सुमारे ४०० लोकांना विषबाधा होऊन यकृताचा गंभीर आजार झाला आणि त्यातले १०६ दगावले. घरात दुसरे काही खायला नव्हते, म्हणून तो मका खाल्ला गेला होता. हे विष भाजल्याने किंवा शिजवल्याने पुरेसे कमी होत नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशी धरलेले दाणे भाजून कुटात खपवायचे नाहीत. स्वस्त मिळतात म्हणून फुटके, मिसळीचे दाणे आणायचे नाहीत. शेंगदाणे महिन्यापुरतेच आणावेत, ताटात पसरून निवडावेत, हवाबंद डब्यात ठेवावेत, आणि पावसाळ्यात जागा असेल तर फ्रीजमध्ये. चटणीत किंवा खिचडीत एखादा दाणा कडू, खवट लागला तर तो गिळायचा नाही, थुंकून टाकायचा. लहान मुलांनाही तसे सांगून ठेवावे.